ठोके नीट करणाऱ्या गोळीनेच ठोके बिघडले : आईचा अनुभव आणि काही प्रश्न

आर्द्रा (धागाकर्ती)

आईला चार महिन्यांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याच्या आजाराचं, निदान झालं. वय ७१. धडधड अचानक सुरू व्हायची, कधी तासभर तर कधी दिवसभर चालायची आणि आपली आपण थांबायची. सोटालॉल सुरू झालं, ८० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी आधीपासूनच होती. धडधड खरंच थांबली. तीन महिने ती मजेत होती.

मग तिला घसा आणि तापाचं दुखणं झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. त्यातच उलट्या-जुलाब सुरू झाले, म्हणून उलटीची गोळीही आली. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसल्या बसल्या कोसळली. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आली. मी म्हटलं, पोटात काही टिकत नाहीये, अशक्तपणा आला असेल. त्या रात्री पुन्हा तेच झालं, आणि या वेळी हातपाय झटकले. मला वाटलं फिट आली.

तातडीच्या विभागात मॉनिटर लावला आणि दहा मिनिटांत तिसरा झटका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. पडद्यावर रेघा दोरीला पीळ घातल्यासारख्या फिरत होत्या. एकदा शॉक द्यावा लागला. शिरेतून मॅग्नेशियम दिलं, पोटॅशियम लावलं. पोटॅशियम २.९ होतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन नेहमीपेक्षा वाढलेलं, ईसीजीवरचं क्यूटीसी हे अंतर ५६० मिलिसेकंद. सोटालॉल बंद केलं. आता ती बरी आहे, अजून वॉर्डात आहे.

डॉक्टर म्हणाले, "गोळीचा परिणाम." एवढंच. ठोके नीट करायला दिलेली गोळी ठोके बिघडवू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पहिल्या झटक्यानंतर मी तिला झोपवून ठेवलं, ते बारा तास डोक्यातून जात नाहीत. हे कसं होतं, कुणाला होतं, आधी कळू शकतं का? जाणकारांनी कृपया लिहा.


कंदील

ताई, वाचून सुन्न झालो. आई सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. माझा अडाणी प्रश्न: अनियमित ठोके थांबवणारं औषध अनियमित ठोके तयार कसं करतं? चुकीची गोळी दिली गेली होती का?


शमी

मी हृदयरोगाचंच काम करतो. आर्द्राताई, तुमच्या आईंना न तपासता त्यांच्याबद्दल निर्णय देणार नाही, पण तुम्ही लिहिलेला घटनाक्रम आमच्या पाठ्यपुस्तकात छापावा इतका नेमका आहे. कंदील यांच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण "चुकीची गोळी" असं याचं उत्तर नाही.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत विजेचा भार बदलतो आणि पुढच्या ठोक्याआधी तो पूर्ववत व्हावा लागतो. हे पूर्ववत होणं मुख्यतः पोटॅशियमच्या वाटांवर अवलंबून असतं: पोटॅशियम पेशीबाहेर जातं आणि पेशी पुन्हा तयार होते. सोटालॉल, डोफेटिलाइड, इब्युटिलाइड ही औषधं यातली एक वाट मुद्दाम अडवतात. पेशी जास्त वेळ "व्यस्त" राहते आणि फिब्रिलेशनच्या गोल फिरणाऱ्या लहरींना वाट मिळत नाही. म्हणजे तुमच्या आईंची धडधड ज्या गुणाने थांबली, त्याच गुणाने ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांना पेटून पुन्हा पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबतं. औषध जितकं काम करतं तितकं ते लांबतं. हा एकाच क्रियेचा दुसरा भाग आहे.

हे लांबणं हद्दीपलीकडे गेलं की पेशी पूर्ववत होता होता मध्येच पुन्हा पेटते. अशा एका अवेळी ठोक्यातून खालच्या कप्प्यांचा तो पीळ पडलेला वेग सुरू होतो. त्याला टॉर्साड द प्वाँट म्हणतात. हे नाव फ्रान्समध्ये देसर्तेन यांनी १९६६ साली दिलं, टोकं पिळत जाणारी रेघ या अर्थी. त्या वेगात हृदयातून रक्त जवळजवळ बाहेरच पडत नाही. काही सेकंदांत थांबला तर माणूस कोसळतो आणि उठतो. नाही थांबला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होतं, म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात. मेंदूला रक्त न मिळाल्याने हातपाय झटकतात, म्हणून कित्येकांवर फिट समजून उपचार होतात. तुम्हाला तसं वाटलं यात तुमचा दोष नाही. वैद्यकीय मंडळीही इथे चुकतात.

आता आईंच्या बाबतीत काय काय एकत्र आलं ते पाहा. सोटालॉल जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं, क्रिएटिनिन चढलं, आणि गोळी तीच असूनही रक्तातलं औषध वाढत गेलं. लघवीच्या गोळीने आधीच खाली असलेलं पोटॅशियम जुलाबांनी आणखी उतरलं. क्लॅरिथ्रोमायसिन स्वतः क्यूटी लांबवतं. उलटीची गोळी डोम्पेरिडोन किंवा ऑनडॅन्सेट्रॉन असेल तर तीही लांबवते. त्यात वय आणि स्त्री असणं. हा धोका बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असतो. तीन महिने जी मात्रा योग्य होती ती तीन दिवसांत घातक झाली, कारण गोळी सोडून बाकी सगळं बदललं होतं.

एक गोष्ट आणखी, जी रुग्णांना विचित्र वाटते. ही औषधं ठोके संथ असताना क्यूटी जास्त लांबवतात, वेगात असताना कमी. म्हणून धडधड चालू असताना नव्हे, तर ती थांबून ठोके संथ झाल्यावर धोका वाढतो. एक लवकर आलेला ठोका, मग मोठी फट, आणि त्या फटीनंतरच्या ठोक्यावर पीळ सुरू होतो. उपचारात मॅग्नेशियमबरोबर कधीकधी तात्पुरत्या पेसमेकरने ठोके मुद्दाम वाढवतात ते याचसाठी.


आर्द्रा

उलटीची गोळी डोम्पेरिडोनच होती. आत्ता पाकीट काढून बघितलं.

तुम्ही इतकं समजावून लिहिलंत, आभार शब्दांत मावत नाहीत. आई मला दुसऱ्या झटक्याआधी म्हणाली होती, "आज छाती अगदी शांत आहे गं." मला ते चांगलं लक्षण वाटलं होतं.


रेघ

मी ईसीजी विभागात तंत्रज्ञ आहे. मोजण्याबद्दल थोडं लिहिते.

मशीन क्यूटीसीचा आकडा छापून देतं, त्यावर डोळे मिटून विसंबू नका. फिब्रिलेशन चालू असेल तर प्रत्येक ठोक्याचं अंतर वेगळं असतं, अनेक ठोक्यांची सरासरी काढावी लागते. क्यूटीसीतला "सी" म्हणजे ठोक्यांच्या वेगानुसार केलेली दुरुस्ती. ती सर्वात जुन्या पद्धतीने केली, म्हणजे बॅझेट यांच्या १९२० च्या सूत्राने, तर वेगवान ठोक्यांत आकडा फुगतो आणि संथ ठोक्यांत कमी दिसतो. साधारणपणे पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० पर्यंत ठीक मानतात. ५०० ओलांडलं की मी कागद हातात घेऊन डॉक्टरांकडे जाते, फाइलला लावून थांबत नाही.

सोटालॉल सुरू करताना गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांनी ईसीजी काढायचा असतो, कारण तेव्हा परिणाम दिसतो. गोळी घेण्याआधी काढलेली पट्टी तुलनेसाठी हवीच. ताई, आईंची गोळी सुरू होण्याआधीची पट्टी असेल तर जपून ठेवा. आणि मॉनिटरवरची ती पीळ पडलेली पट्टीही मागून घ्या. पुढे कुठल्याही डॉक्टरांना दहा वाक्यं सांगण्यापेक्षा ती एक पट्टी दाखवलेली बरी.


पाणकळा

माझा अनुभव वेगळ्या गोळीचा आहे, म्हणून लिहितो. मला फ्लेकेनाइड दिलं होतं. क्यूटीशी त्याचा तसा संबंध नाही, पण दुसरा खड्डा आहे. एका दुपारी छातीत नेहमीची धडधड नव्हती, एकसारखं यंत्र चालल्यासारखं धडधडत होतं, मिनिटाला २०० च्या वर. डोळ्यांपुढे अंधार. नंतर कळलं की माझं फिब्रिलेशन जाऊन फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांचा वेगवान पण एकसारखा ठोका, झालं होतं. वरच्या कप्प्यांचा फ्लटरचा वेग एरवी मिनिटाला ३०० च्या आसपास असतो आणि वरच्या-खालच्या कप्प्यांमधली गाठ त्यातले निम्मेच ठोके खाली सोडते. गोळीने तो वेग २०० च्या आसपास आणला, आणि हळू झाल्यामुळे गाठीला प्रत्येक ठोका खाली सोडणं जमू लागलं. वर संथ झालं म्हणून खाली वेग वाढला!

बरोबर बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग आवरणारी गोळी, द्यायला हवा होता, तो माझ्या चिठ्ठीत नव्हता. आता आहे, आणि त्याच फ्लेकेनाइडवर मी तीन वर्षं व्यवस्थित आहे.


दूर्वा

हा धागा वाचून माझे हात थंड पडले. माझे मिस्टर अमिओडॅरोनवर आहेत, दोन वर्षं. काल रात्री वाचलं आणि आज सकाळची गोळी मी दिलीच नाही. असल्या गोळीपेक्षा धडधड परवडली. डॉक्टर, ही औषधं द्यायचीच कशाला?


शमी

दूर्वाताई, आधी तुमच्या मिस्टरांबद्दल. कृपया आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी चुकली हे सांगा. एका दिवसाने फारसं बिघडत नाही, कारण अमिओडॅरोन चरबीत साठतं आणि शरीरातून जायला कित्येक आठवडे, काहींत महिने लागतात. पण त्यामुळेच स्वतःहून बंद करणं फसवं ठरतं. काही दिवस काहीच होत नाही, मग परिणाम ओसरतो तेव्हा जवळ कुणी लक्ष ठेवून नसतं. खालच्या कप्प्यांच्या जीवघेण्या वेगासाठी ते दिलं असेल तर तो वेग परत येऊ शकतो.

अमिओडॅरोन क्यूटी लांबवतं, तरी टॉर्साडचं प्रमाण त्यात बरंच कमी आहे, सोटालॉल किंवा डोफेटिलाइडपेक्षा कितीतरी. त्याचे त्रास वेगळे आहेत: थायरॉइड, फुप्फुसं, यकृत. औषधात आयोडीन भरपूर असतं. त्यांच्या थायरॉइडच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने होतात ना, आणि नवा कोरडा खोकला किंवा धाप नाही ना, हे विचारा. ते वॉरफरिन किंवा डिजॉक्सिन घेत असतील तर त्यांच्या मात्रा अमिओडॅरोनमुळे कमी ठेवाव्या लागतात, तेही विचारा.

"द्यायचीच कशाला" हा प्रश्न मी टाळणार नाही. काही लोकांना धडधडीने जगणं मुश्किल होतं, काहींचं हृदय सततच्या वेगाने कमजोर होतं. त्यांना या गोळ्यांनी आयुष्य परत मिळतं. पण ज्याला त्रासच नाही, फक्त ईसीजीवर जादा ठोके दिसतात, त्याला ते पुसून टाकण्यासाठी गोळी द्यावी का, या प्रश्नाचं उत्तर आमच्या क्षेत्राला फार महाग पडलं आहे.


जुनी वही

शमी यांनी शेवटच्या वाक्यात ज्याकडे बोट दाखवलंय ते सविस्तर लिहितो. वैद्यकाच्या इतिहासातलं हे प्रकरण मला कधीच नुसता आकडा वाटलेलं नाही.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या माणसांत खालच्या कप्प्यांचे जादा ठोके जास्त दिसतात, त्यांचा अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. मग तर्क सरळ होता: ठोके दाबले की मृत्यू टळतील. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड हे ठोके उत्तम दाबत. अनेक डॉक्टर त्या भरवशावर ती देतही होते. तो भरवसा तपासायला अमेरिकेत १९८७ मध्ये कास्ट नावाची चाचणी सुरू झाली. तिची रचना बघा: आधी प्रत्येकाला औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे जादा ठोके खरोखर दबले त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे औषध ज्यांना "लागू पडलं" अशीच माणसं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला औषध, एकाला नकली गोळी.

एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. अंतिम हिशेब १९९१ मध्ये छापून आला. औषधाच्या गटात ७५५ जणांपैकी ६३ मृत्यू, नकली गोळीच्या गटात ७४३ पैकी २६. सरासरी दहा महिन्यांत. ईसीजीच्या पट्ट्या मात्र स्वच्छ होत्या.

तिसरं औषध, मोरिसिझिन, पुढे चालू ठेवलं. तेही १९९१ मध्ये थांबवलं. १९९६ मध्ये सोटालॉलच्याच एका रूपावरची, डी-सोटालॉलवरची, स्वॉर्ड चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर हृदय कमजोर झालेल्या माणसांत औषध घेणाऱ्यांपैकी ५ टक्के गेले, न घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्के.

आणि मुळात हे सगळं नवं नव्हतंच. १९१४ मध्ये वेंकेबाख या डच वैद्याने एका व्यापारी रुग्णाची हकिगत छापली. त्याने सांगितलं होतं की क्विनाइन घेतलं की माझे अनियमित ठोके थांबतात. त्यातून १९१८ मध्ये सिंकोनाच्या सालीतलंच क्विनिडीन पुढे आलं. ते घेणारी काही माणसं अचानक बेशुद्ध पडत आणि त्याला "क्विनिडीन सिंकपी" असं नाव होतं. ती बेशुद्धी म्हणजे औषधाने आलेलं खालच्या कप्प्यांचं फिब्रिलेशन आहे हे १९६४ मध्ये मॉनिटरवर पाहून दाखवलं गेलं. आर्द्राताई, तुम्हाला पहिल्या बेशुद्धीला अशक्तपणा वाटला म्हणून स्वतःला बोल लावू नका. अख्ख्या वैद्यकशास्त्राला ते कळायला दशकं लागली.


कंदील

"औषध ज्यांना लागू पडलं अशीच माणसं." हे वाक्य मी तीनदा वाचलं.

मग पाणकळा यांना फ्लेकेनाइड कसं चालतं?


शमी

चांगला प्रश्न. कास्टमधली माणसं झटका येऊन गेलेली होती, हृदयावर व्रण असलेली. फ्लेकेनाइड विजेचा प्रवास मंद करतं. निरोगी स्नायूत ते सगळीकडे सारखं मंद होतं. व्रण असेल किंवा रक्तपुरवठा अपुरा असेल तिथे ते असमान मंद होतं आणि लहरीला गोल फिरायला वाट मिळते. म्हणून आता झटका येऊन गेलेल्याला किंवा कमजोर हृदयाच्या माणसाला ते देत नाहीत. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाची रचना बघतात, पुढे ईसीजीवर क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणाऱ्या वेळेची, रुंदी बघतात. ती आधीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढली तर मात्रा कमी किंवा बंद. पाणकळा, तुमच्या इकोनंतर काही वर्षं गेली असतील तर पुन्हा करून घ्या. मधल्या काळात हृदय बदललं असेल तर गोळीचं गणितही बदलतं.


सांजवेळ

माझे वडील सोटालॉलवर होते. झोपेतच गेले. तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं होतं. कारण तेच असेल असं मी म्हणत नाही, आता कळायचा मार्गही नाही. पण शेवटच्या आठवड्यात ते दोनदा पडले होते आणि आम्ही ते डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी सांगा. दोनदा पडायची वाट बघू नका.


मात्रा

औषधांच्या दुकानात माझी वीस वर्षं गेली. माझ्या बाजूने एकच गोष्ट.

ठोक्यांची गोळी देणारे डॉक्टर एक असतात, घशाची देणारे दुसरे, मनाच्या आजाराची तिसरे. तिन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असतात. त्या एकत्र फक्त दोघांना दिसतात, रुग्णाला आणि औषधवाल्याला. त्यामुळे माझी कळकळीची विनंती आहे की सोटालॉल, अमिओडॅरोन, डोफेटिलाइड यांपैकी काही चालू असेल तर ते प्रत्येक चिठ्ठीच्या वेळी मोठ्याने सांगा. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, हॅलोपेरिडॉल, सिटालोप्राम, मेथाडोन, क्लोरोक्विन, ही सगळी क्यूटी लांबवणारी नावं आहेत आणि यादी इथे संपत नाही. सर्दीची साधी गोळीसुद्धा कधीकाळी यात होती: टर्फेनाडिन. यकृतात तिचं विघटन अडवणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यावर टॉर्साड होऊन माणसं दगावली. पुढे ती बाजारातून गेली. पोटासाठीचं सिसाप्राइडही त्याच कारणाने गेलं.

आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी ठोक्यांच्या डॉक्टरांना फोन. पोट सुधारेल म्हणून थांबायचं नाही.


दूर्वा

फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत. उद्या ईसीजी, थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या आहेत, शेवटच्या होऊन सव्वा वर्ष झालंय. गोळी संध्याकाळी द्यायला सांगितली, दिली. वॉरफरिनही चालू आहे त्यांना, ते मी इथे लिहिलंच नव्हतं. शमी, आभार.


आर्द्रा

आईला आज घरी आणलं. क्यूटीसी ४७० वर आलंय, पोटॅशियम ४.४. सोटालॉल कायमचं बंद, लघवीची गोळी बदलली. आता फक्त वेग आवरायला साधा बीटा ब्लॉकर आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. धडधड परत आली तर अब्लेशनचा, म्हणजे नळी घालून ठोके बिघडवणारी जागा निकामी करण्याचा, विचार करू म्हणाले.

मी विचारलं की सुरुवातीला तीन दिवस दाखल करून ईसीजी बघत सोटालॉल सुरू करायला हवं होतं का. ते म्हणाले, हो, तसं करायला हवं होतं. त्यांनी सरळ कबूल केलं याने मला बरं वाटलं. पण हेही खरं की त्या तीन दिवसांत सगळं ठीकच दिसलं असतं. आईचं जे झालं ते तीन महिन्यांनी, वेगळ्या तापात झालं.

मोठ्या अक्षरांत यादी करून तिच्या पर्समध्ये आणि फ्रीजच्या दारावर लावली आहे. पीळ पडलेली पट्टी मिळाली, रेघताई. आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही मी आहे होय?" मी तिला सांगितलं की तो अशक्तपणा नव्हता, मी चुकीचं बोलले होते.

एक शेवटचा प्रश्न. ४७० म्हणजे अजून थोडं जास्तच ना? हे माझ्यात किंवा भावात असू शकतं का?


शमी

असू शकतं. काही माणसांत जन्मतःच त्या पोटॅशियमच्या वाटा किंचित कमकुवत असतात. एरवी ईसीजी जवळपास नॉर्मल दिसतो आणि एखाद्या औषधाने ते उघड होतं. आईंचं सोटालॉल तर आता शरीरातून गेलेलं असणार, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम नीट असताना त्यांचा ईसीजी पुन्हा काढा. तेव्हाही ४७० च्या आसपासच राहिला तर तुम्हा भावंडांचा तपास नीट व्हायला हवा. साधा ईसीजी मात्र तुम्ही दोघं आत्ताही काढून घ्या, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, कुणाला कारण न कळलेल्या फिट्स येत होत्या का, हे आईंना विचारा.


आर्द्रा

विचारलं. तिचा एक मामा विशीत पोहताना गेला. बुडाला असंच सगळे म्हणत.

परवा सकाळची वेळ घेतली आहे, माझी आणि भावाची. आईचा जुना आणि नवा, दोन्ही ईसीजी बरोबर नेतेय.